शाळेच्या बाकावरील इलेक्ट्रॉनिक्स

हाताने शिकण्याच्या विषयांत इलेक्ट्रॉनिक्सइतका शाळेला परवडणारा विषय क्वचितच सापडेल, आणि तरीही बहुतेक शाळांत तो फळा, आकृती आणि व्याख्या यांच्या पलीकडे जात नाही, ही मोठीच विसंगती आहे. सुतारकामाला जागा लागते, लेथवरच्या कामाला यंत्र आणि जाणता कारागीर लागतो, रसायनांच्या प्रयोगांना धूर बाहेर नेण्याची सोय आणि सांडलेले आम्ल आवरण्याची तयारी लागते. इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाला मात्र नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, मूठभर सुटे भाग आणि एक बाक पुरतो, आणि चूक झालीच तर दोन-तीन रुपयांचा एलईडी जळतो. विद्यार्थ्याने बिनधास्त चुकावे असा हा विषय असून नेमकी चुकण्याचीच सोय शालेय वेळापत्रकात ठेवलेली नसते.

वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स यांतला फरक येथे स्पष्ट केला पाहिजे. घरातल्या दिव्याच्या जोडणीत धारा सुरू किंवा बंद करणारे बोट बाहेरचे असते. इलेक्ट्रॉनिक परिपथात तेच काम परिपथातली दुसरी, पुष्कळ लहान धारा करते. लहान धारेने मोठ्या धारेवर हुकमत चालवण्याचे हे काम ज्या भागामुळे स्वस्त आणि सुटसुटीत झाले, तो ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत प्रथम चालता झाला आणि त्यासाठी जॉन बार्डीन, वॉल्टर ब्रॅटन व विल्यम शॉकली यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आधीचा पाया मात्र विभवांतर, धारा आणि रोध या तीन राशींचा आहे. विभवांतर म्हणजे परिपथातील दोन बिंदूंमध्ये विद्युतप्रभार ढकलणारा जोर, जो व्होल्टमध्ये मोजतात. धारा म्हणजे एका सेकंदात वाहणारा प्रभार, जो अँपिअरमध्ये मोजतात. आणि रोध म्हणजे त्या वाहण्याला होणारा अडथळा, ज्याला ओम हे एकक आहे.

ज्याच्या नावाचे हे एकक आहे तो गेओर्ग ओम स्वतः शाळामास्तर होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. १८१७ पासून तो कोलोन येथील जेझुइट परंपरेच्या माध्यमिक शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत होता, त्या शाळेची उपकरणे बऱ्यापैकी होती, आणि तेथेच त्याने निरनिराळ्या लांबीच्या तारांतून जाणारी धारा मोजली. त्या काळच्या विद्युतघटांचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच उतरत जाई, त्यामुळे वाचने जुळत ना; अखेर त्याने घट बाजूला ठेवून बिस्मथ व तांबे यांच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले, आणि तापमानातल्या फरकातून मिळणारे लहान पण स्थिर विभवांतर वापरले. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातला नियम दहावीचा विद्यार्थी एका ओळीत लिहितो. त्या ओळीमागे घट उतरण्याचा जो वैताग होता तो मात्र बाकावर बसून मोजणी केल्याशिवाय कळत नाही, आणि मोजणी केली तर पहिल्याच आठवड्यात कळतो. जुनी चौकोनी बॅटरी मल्टिमीटरवर मोजली की जवळजवळ पूर्ण नऊ व्होल्ट दाखवते, आणि तिला मोटार जोडताच तेच वाचन घसरते, कारण बॅटरीच्या पोटातही रोध असतो आणि जुनेपणाबरोबर तो वाढत जातो. “बॅटरी चांगली आहे, मोजली” असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला भार जोडून पुन्हा मोजायला लावणे हा या विषयातला एक उत्तम धडा आहे, आणि तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात शोधून सापडणे कठीण.

हाताने जोडल्याशिवाय काही गैरसमज दिसतही नाहीत, मग दूर होणे लांबच राहिले. विजेविषयी मुलांच्या मनात काय कल्पना असतात याचा अभ्यास १९८० च्या दशकापासून अनेक देशांत झाला आहे आणि त्यात एक कल्पना पुन्हा पुन्हा आढळते, ती म्हणजे धारा दिव्यात खर्च होते आणि उरलेली बॅटरीकडे परतते. ही कल्पना असणारा विद्यार्थी ओमच्या नियमावरचे उदाहरण बिनचूक सोडवू शकतो, म्हणून परीक्षेत तो पकडला जात नाही. एकामागे एक जोडलेल्या दोन सारख्या दिव्यांपैकी पहिला अधिक उजळ दिसेल असे त्याला ठामपणे वाटत असते. दोन्ही सारखेच उजळलेले पाहिल्यावर आणि दिव्याच्या अलीकडे व पलीकडे धारा मोजून एकच वाचन आल्यावर ती कल्पना डळमळते. खर्च होते ती ऊर्जा, प्रभार नव्हे, हा भेद तेव्हा कुठे उमजू लागतो. १९९७ च्या ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ या अमेरिकी माहितीपटात एमआयटीसारख्या संस्थेच्या ताज्या पदवीधरांना एक बॅटरी, एक बल्ब आणि एक तार देऊन बल्ब पेटवायला सांगितले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींना ते जमले नाही. बल्बला दोन संपर्क असतात, एक तळाच्या टोकाला आणि दुसरा आट्यांच्या धातूला, हे ज्याने बल्ब हातात धरून पाहिलेला नाही त्याला सुचत नाही.

प्रत्यक्ष वर्गाची सुरुवात बहुधा ब्रेडबोर्डवर होते. हा छिद्रांचा प्लॅस्टिकचा फलक असून त्यात डाख न देता भागांचे पाय खोचता येतात; छिद्रांमधले अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग असते, मधल्या खाचेच्या दोन्ही अंगांना पाच-पाच छिद्रे आतून एकमेकांना जोडलेली असतात, आणि कडेच्या लांब पट्ट्या बॅटरीच्या धन व ऋण टोकांसाठी असतात. पहिला परिपथ एका एलईडीचा. एलईडी, म्हणजे धारा एकाच दिशेने जाऊ देणारा आणि ती जाताना प्रकाश देणारा भाग, थेट नऊ व्होल्टला जोडला तर जळतो, म्हणून त्याच्या वाटेत रोधक घालावा लागतो. तांबडा एलईडी स्वतःवर सुमारे २ व्होल्ट ठेवून घेतो, उरलेले ७ व्होल्ट रोधकावर पडतात, धारा १५ मिलिअँपिअरच्या आसपास हवी असेल तर ७ भागिले ०.०१५ असे साधारण ४६७ ओम येतात, आणि बाजारात मिळणारी सर्वांत जवळची किंमत ४७० ओम, म्हणजे पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असलेला रोधक. एवढ्या एका उदाहरणात ओमचा नियम, वजाबाकी, दशांश अपूर्णांक आणि “गणिताचे उत्तर दुकानात मिळत नाही, जवळचे मिळते” ही व्यवहाराची जाण एकत्र येते.

आणि मग तो एलईडी पेटत नाही. या विषयाची खरी शिकवणी येथे सुरू होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. कारणे अनेक असू शकतात: एलईडीचा लांब पाय, जो धन बाजूला हवा, तो ऋण बाजूला गेला असेल, रोधकाचे दोन्ही पाय एकाच पाच छिद्रांच्या ओळीत खोचले गेल्याने धारा त्याला वळसा घालून गेली आणि एलईडी केव्हाच जळून मोकळा झाला असेल, पिवळा पट्टा तपकिरी समजून ४७० ओमऐवजी ४,७०,००० ओम जोडले गेले असतील, किंवा लांब ब्रेडबोर्डची कडेची पट्टी मध्यावर तुटक असेल, कारण अनेक फलकांवर ती तशीच बनवलेली असते आणि वरून पाहता ते लक्षातही येत नाही. जो शिक्षक ही चूक स्वतः दोन सेकंदांत काढून देतो तो दयाळू असतो, पण विद्यार्थ्याचा धडा बुडवतो. बॅटरीच्या टोकापासून सुरुवात करून प्रत्येक सांध्यावर विभवांतर मोजत जाणे आणि जेथे अपेक्षित वाचन मिळत नाही तेथे थांबून अलीकडचा भाग तपासणे, ही शिस्त बसायला वेळ लागतो. एकदा बसली की ती पाण्याच्या मोटारीपासून संगणकाच्या प्रोग्रॅमपर्यंत सर्वत्र उपयोगी पडते. मल्टिमीटर धारेच्या मापनावर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावला की आतला फ्यूज उडतो, आणि तो प्रत्येक तुकडीत कोणाकडून तरी उडतोच. फ्यूजचे सुटे नग आधीच आणून ठेवावेत, त्यावर रागावण्यात अर्थ नसतो.

दुसऱ्या टप्प्यावर ट्रान्झिस्टर येतो, आणि त्यासाठी अंधार पडताच पेटणाऱ्या दिव्याइतका चांगला परिपथ नाही. त्यात प्रकाशरोधक, ज्याला दुकानात एलडीआर म्हणतात, वापरलेला असतो. त्याचा रोध भर उजेडात काही हजार ओमपर्यंत उतरतो आणि अंधारात लाखांच्या घरात चढतो. बॅटरीच्या धन टोकापासून १ लाख ओमचा रोधक, त्याच्या पुढे एलडीआर आणि मग ऋण टोक अशी रांग केली, तर या दोहोंच्या मधल्या सांध्यावरचे विभवांतर उजेडावर अवलंबून राहते. उजेडात एलडीआर ३,००० ओम असेल तर तेथे पाव व्होल्टच्या आसपास मिळते, आणि बीसी ५४७ या साध्या ट्रान्झिस्टरचा मधला पाय, म्हणजे बेस, सुमारे ०.६ व्होल्टखाली जागा होत नाही, म्हणून दिवा बंद राहतो. हाताने एलडीआर झाकला की सांध्यावरचे विभवांतर चढते, बेसमधून मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाहूनही कमी धारा जाऊ लागते, आणि तिच्या जोरावर कलेक्टर व एमिटर या उरलेल्या दोन पायांमधून तिच्या शंभरपट किंवा त्याहून अधिक धारा वाहू शकते. एलईडी पेटतो.

हा परिपथ घरी नेण्याजोग्या छोट्या खोक्यात बसवला की एक गमतीचा बिघाड हमखास उद्भवतो. एलईडी आणि एलडीआर शेजारी-शेजारी लावलेले असले, तर दिवा पेटताच त्याचाच उजेड एलडीआरवर पडतो, परिपथाला दिवस उजाडल्यासारखे वाटते आणि तो दिवा विझवू पाहतो. मग अंधार होतो आणि तो पुन्हा पेटवू पाहतो. परिणामी दिवा धड पेटत नाही, धड विझत नाही, मधल्याच मंद उजेडावर अडकतो. निर्गताचा परिणाम फिरून प्रवेशावर होण्याच्या या प्रकाराला प्रत्याभरण म्हणतात, आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात त्यावर स्वतंत्र विषय असतो. आठवीच्या मुलीला तो विषय शिकण्याची गरज नाही. पण मधे पुठ्ठ्याचा तुकडा घालून दिवा ताळ्यावर येतो हे तिने स्वतः शोधलेले असेल, तर रस्त्यावरच्या दिव्यांचा प्रकाशसंवेदक त्यांच्या डोक्यावर आभाळाकडे तोंड करून का बसवतात, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. बीसी ५४७ ची सपाट बाजू समोर धरली तर पायांचा क्रम डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा असतो, आणि दिसायला तंतोतंत तसाच असणाऱ्या २एन ३९०४ मध्ये तो उलटा असतो. दुकानदाराने “तेच आहे, चालेल” म्हणून दिलेला पर्यायी नग तसाच खोचला की अख्खा तास जातो.

ब्रेडबोर्डवरचा परिपथ हलवला की सुटतो, म्हणून टिकाऊ जोडणीसाठी डाख द्यावा लागतो. कथील आणि शिसे यांचा ६३ टक्के व ३७ टक्के या प्रमाणातला मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. त्याच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते, जी तापल्यावर तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकते. भांड्यांना कल्हई करताना नवसागर जे काम करतो, तेच येथे राळ करते. नवशिक्या मुलांची चूक ठरलेली असते: ती डाख सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळवून तो थेंब सांध्यावर नेऊन ठेवतात. त्याऐवजी टोकाने भागाचा पाय आणि पट्टीवरचे तांबे ही दोन्ही एकदम तापवून तार सांध्याला लावायची असते. दोन-तीन सेकंदांत डाख पसरतो आणि चकचकीत, शंकूसारखा सांधा तयार होतो. गोळा झालेला, निस्तेज सांधा आत तुटक असतो; दुरुस्तीच्या दुकानांत त्याला ड्राय सोल्डर म्हणतात आणि रेडिओ-टीव्हीच्या कित्येक बिघाडांचे निदान तेथेच संपते. वर येणारा धूर शिशाचा असल्याचा समज आहे, तो खरा नाही. धूर राळेचा असतो, आणि दमा असणाऱ्या मुलांना तो बाधू शकतो म्हणून खिडकी उघडी हवी. शिसे जाते ते बोटांवाटे तोंडात, त्यामुळे काम संपल्यावर हात धुण्याचा नियम कडक असावा, किंवा कथील, चांदी व तांबे यांचा शिसेविरहित डाख वापरावा, जो सुमारे २१७ अंशांना वितळतो आणि नवशिक्याला थोडा हट्टी वाटतो. २३० व्होल्टचा घरगुती पुरवठा मात्र शाळेच्या प्रयोगाला कधीच जोडू नये.

महाराष्ट्राला हातकामातून शिक्षणाची कल्पना नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, आणि पुढे हा कार्यानुभव वेळापत्रकातला एक तास होऊन बसला, जो परीक्षा जवळ आली की गणिताच्या शिक्षकांच्या ताब्यात जाई. अकरावी-बारावीच्या द्विलक्षी अभ्यासक्रमात इलेक्ट्रॉनिक्स हा २०० गुणांचा विषय आला, तोही भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून घेण्याच्या सोयीने, म्हणजे विद्यार्थी सोळा वर्षांचा झाल्यावर.

याला ठसठशीत अपवाद पाबळचा. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले अन्नतंत्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तेथे आकाराला आलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या नेहमीच्या शाळांत आठवड्यातून एक दिवस चालवला जाऊ लागला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग असून मुले आणि मुली दोघांनीही चारही भाग करायचे असतात. शिकवणारे पुष्कळदा गावातलेच कसबी लोक असतात आणि मुलांनी केलेले काम गावातल्या खऱ्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे असावे असा आग्रह असतो. हा शेवटचा आग्रह दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे, कारण प्रदर्शनातला परिपथ एक दिवस चालला तरी भागते, पण शेजाऱ्याच्या गोठ्यात लावलेला दिवा महिनाभराने बंद पडला की तक्रार येते आणि ड्राय सोल्डर कोणाचा हे उघडे पडते. २००२ मध्ये याच आश्रमात एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर वस्तू घडवणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली. एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी आरंभीच्या अशा कार्यशाळांत तिची गणना होते.

गेल्या दशकात पैसा आला तो दुसऱ्या वाटेने. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी निवडक शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊन अटल टिंकरिंग लॅब उभारल्या. त्यांची संख्या १०,००० च्या घरात गेली, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५०,००० लॅबची घोषणा झाली. या प्रयोगशाळांत त्रिमितीय मुद्रक असतात, संवेदक असतात आणि अर्डुइनो असतो, म्हणजे इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा म्हणून तयार झालेला छोटा प्रोग्रॅम-योग्य फलक. साधन उत्तम आहे, आणि प्रोग्रॅम लिहून खरी मोटार फिरते हा अनुभव शाळेत दुसऱ्या कशाने मिळत नाही. तक्रार आहे ती वापराच्या क्रमाबद्दल. तयार संवेदक तीन तारांनी जोडायचा, इंटरनेटवरून प्रोग्रॅम उतरवायचा आणि “पाण्याची टाकी भरल्याची सूचना देणारे यंत्र” प्रदर्शनात मांडायचे, यात विद्यार्थ्याने जोडलेले असते पुष्कळ आणि जाणलेले असते थोडे. अशा विद्यार्थ्याने मोटार थेट फलकाच्या पायाला जोडली आणि तो पाय कायमचा निकामी झाला, तर त्याला कारण उमगत नाही; एक पाय २० मिलिअँपिअरच्या आसपासच धारा सुखाने देऊ शकतो आणि मोटारीला त्याच्या कित्येक पट लागते, हे बीसी ५४७ च्या दिव्यावर हात बसलेल्या विद्यार्थ्याला सांगावेही लागत नाही, तो मधे ट्रान्झिस्टर घालतो. म्हणून अर्डुइनो दुसऱ्या वर्षी यावा, पहिल्या वर्षी सुटे भाग असावेत. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किलोवारी मिळतात, आणि त्यांना लागणारा पैसा मुद्रकाच्या किमतीपुढे नगण्य असतो.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवण्याची शिफारस केली आहे, आणि गावातला टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणारा हा त्यासाठी सुताराइतकाच योग्य माणूस आहे. परीक्षेची पद्धत मात्र या सर्वाच्या आड येते. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत जर्नल तपासले जाते, ते स्वच्छ अक्षरात आणि बहुधा गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेले असते; परिपथ जोडून दाखवायचा असतो तो ठरलेला, आणि वाचने आधीच पाठ असतात. याऐवजी परीक्षकाने मुद्दाम एक बिघाड घालून ठेवलेला परिपथ आणि एक मल्टिमीटर विद्यार्थ्यापुढे ठेवावा, वीस मिनिटे द्यावीत, आणि गुण बिघाड सापडण्याला अर्धे व शोधण्याच्या क्रमाला अर्धे द्यावेत. पालथा एलईडी, चुकीचा रोधक, तुटका सांधा, उलटा ट्रान्झिस्टर, उतरलेली बॅटरी असे पाच बिघाड वर्गातल्या चाळीस मुलांसाठी आलटून पालटून पुरतात, आणि त्यांची तयारी शिक्षकाला आदल्या संध्याकाळी तासाभरात करता येते. परीक्षा मंडळाने एवढा एक बदल केला, तर शाळा आपोआप वर्षभर मुलांना बिघडलेले परिपथ हाताळायला देऊ लागतील.